वाचकांचे प्रश्न : ‘पण’, ‘मात्र’ आणि ‘हाउएव्हर’

या खेपेची बहुतेक पत्रं एकाच विषयाभोवती फिरतात. इंग्रजी लिहिताना एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात जायचं कसं, आणि त्यासाठी ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’, ‘मोरओव्हर’ यांसारखे शब्द केव्हा, कुठे आणि किती वापरायचे? बडोद्यातल्या आपल्या घरांत मराठी, बाजारात गुजराती आणि वहीत इंग्रजी असा रोजचा व्यवहार असतो. या विषयातल्या पुष्कळ चुकांचं मूळ या ये-जा करण्यात आहे, म्हणून उत्तरं देताना मराठी वाक्याचा आधार मुद्दाम घेतला आहे. या शब्दांना शाळेत ‘कनेक्टर’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. इंग्रजी वाक्यं नेहमीप्रमाणे नागरीत छापली आहेत.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते आहे. क्लासमध्ये चाळीस कनेक्टर पाठ करून घेतले. निबंधातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोर’, ‘इन अ‍ॅडिशन’, ‘कॉन्सिक्वेन्टली’ अशा शब्दाने सुरू करते. व्याकरणाच्या चुका फार नसतात, तरी रायटिंगमध्ये सहाच्या वर जात नाही. आणखी कुठले कनेक्टर शिकू? — एक विद्यार्थिनी, कारेलीबाग

आणखी एकही शिकू नका. आहेत त्यांतलेच निम्मे निबंधातून काढायचे आहेत.

रायटिंगचे गुण चार कसोट्यांवर समान वाटलेले असतात. त्यांतली एक सुसंगती आणि सांधणीची, म्हणजे चौथा हिस्सा गुण तिथे आहेत. परीक्षकांच्या जाहीर निकषांत सहाच्या पट्टीसमोर लिहिलं आहे की वाक्यांची जोडणी सदोष किंवा यांत्रिक असू शकते. नऊच्या पट्टीसमोर लिहिलं आहे की जोडणी अशी की तिच्याकडे क्वचितच लक्ष जातं. म्हणजे जोडणी जितकी उठून दिसेल तितके गुण वाढतात हा समज अगदी उलटा आहे.

आता हे होतं कसं ते पाहा. तुमच्या पत्रासारखाच एक नमुना घेऊ: ‘मेनी पीपल ड्राइव्ह टु वर्क. मोरओव्हर, द रोड्स आर क्राउडेड. फर्दरमोर, द एअर इज पोल्यूटेड. कॉन्सिक्वेन्टली, द गव्हर्नमेंट शुड इम्प्रूव्ह द बसेस.’ यात ‘मोरओव्हर’ काय सांगतं? ‘याच मुद्द्याला दुसरा, अधिक वजनदार पुरावा देतो.’ पण रस्त्यांवरची गर्दी हा दुसरा पुरावा नाही, ती गाड्यांचा परिणाम आहे. हवा खराब होणं हाही परिणामच. वाचक ‘शिवाय’ची पाटी वाचून एका बाजूला वळतो आणि रस्ता दुसरीकडेच गेलेला असतो. असं तीन-चार वेळा झालं की परीक्षक ‘यांत्रिक’ अशी नोंद करतो, मग व्याकरण कितीही शुद्ध असो.

दुरुस्ती अशी: ‘मेनी पीपल ड्राइव्ह टु वर्क, सो द रोड्स आर क्राउडेड अँड द एअर इज डर्टी. अ गुड बस सर्व्हिस वुड ईझ बोथ प्रॉब्लेम्स.’ मोठा कनेक्टर एकही नाही. पहिल्या वाक्यात साधा ‘सो’ आहे, आणि दुसऱ्या वाक्याचा सांधा ‘बोथ प्रॉब्लेम्स’ या दोन शब्दांनी बसवला आहे, कारण ते मागच्या वाक्यातल्या दोन्ही गोष्टी उचलून पुढे आणतात.

हॅलिडे आणि हसन या दोन भाषाशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये इंग्रजीतल्या सांधणीचे पाच प्रकार मांडले. सर्वनामं किंवा ‘दिस’, ‘सच’ यांनी मागचं दाखवणं, हा पहिला. ‘वन’, ‘डू सो’ अशा शब्दांनी मागच्याची जागा भरणं, हा दुसरा. समजलेला भाग गाळणं, हा तिसरा. कनेक्टर हा चौथा, आणि तोच शब्द किंवा त्याच्या नात्यातला शब्द पुन्हा आणणं हा पाचवा. क्लासची चाळीस शब्दांची यादी या पाचांपैकी फक्त एकाचीच आहे. बाकीच्या चार वाटांनी जायची सवय झाली की कनेक्टर आपोआप कमी होतात.

त्या चारांतली सगळ्यांत लवकर हाती येणारी वाट म्हणजे ‘दिस’पुढे नाम लावणं. मागच्या वाक्यात काय घडलं त्याला एक नाव द्यायचं: ‘दिस हॅबिट’, ‘दिस डिले’, ‘दिस शिफ्ट’, ‘सच मेझर्स’. मराठीत आपण ‘ही सवय’, ‘हा उशीर’, ‘असे उपाय’ असं सहज म्हणतो, इंग्रजीत मात्र नुसतं ‘दिस’ लिहून मोकळे होतो. मागे चार गोष्टी सांगितल्या असतील तर नुसतं ‘दिस’ त्यांतल्या कशाला म्हणता हे कळत नाही. नाम निवडताना तुमचं मतही कळतं: त्याच घटनेला ‘दिस चेंज’ म्हणता की ‘दिस लॉस’, यावर पुढचा परिच्छेद ठरतो.

सराव असा करा. जुना निबंध घ्या. वाक्याच्या सुरुवातीचे सगळे कनेक्टर पेन्सिलीने खोडा. मग मोठ्याने वाचा. जिथे अर्थ अडखळेल तिथे थांबा आणि मनात मराठी शब्द शोधा: ‘म्हणून’? ‘पण’? ‘उदाहरणार्थ’? ‘शिवाय’? मराठीत जो शब्द ठामपणे सुचेल त्याच्या अर्थाचा कनेक्टर परत घाला. कुठलाच सुचला नाही तर ती जागा रिकामी ठेवा. टास्क टूमध्ये, म्हणजे निबंधाच्या प्रश्नात, किमान 250 शब्द लिहायचे असतात. तेवढ्यात बारा-पंधरा वाक्यं होतात आणि त्यांत वाक्यारंभीचे चार-पाच कनेक्टर पुरेसे असतात, असं आमचं मत आहे. शेवटच्या परिच्छेदाचं ‘इन कन्क्लूजन’ राहू द्या, ते तिथे उपयोगाचं आहे. ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’ आणि ‘इन दिस मॉडर्न एरा’ मात्र कायमचे सोडा.

‘बट’ऐवजी ‘हाउएव्हर’ लिहिलं की भाषा भारदस्त होते असं सांगतात. मी तसं लिहितो आणि प्राध्यापक प्रत्येक वेळी लाल शाईने ‘कॉमा स्प्लाइस’ असा शेरा मारतात. वाक्य असं: ‘द रेन वॉज हेवी, हाउएव्हर द मॅच वेन्ट ऑन.’ अर्थ तर बरोबर आहे, मग चूक कसली? — पदवीचा विद्यार्थी, फतेहगंज

अर्थ बरोबर आहे, शब्दाची जात वेगळी आहे. ‘बट’ हे उभयान्वयी अव्यय आहे, दोन वाक्यांना गाठ मारणं हे त्याचं कामच. ‘हाउएव्हर’ हे क्रियाविशेषण आहे. ते अर्थाची दिशा दाखवतं, गाठ मारत नाही. तुमच्या वाक्यात गाठ मारायचं काम स्वल्पविरामावर पडलं, आणि इंग्रजीत स्वल्पविरामाला दोन पूर्ण वाक्यं जोडायचा अधिकार नाही. ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात ती चूक हीच.

आपल्याकडून ही चूक वारंवार होते याचं कारण मराठीत आहे. ‘पाऊस आला, सामना थांबला’ हे मराठीत चांगलं वाक्य आहे, स्वल्पविरामाने ते नीट तोललं जातं. ही सवय हातात बसलेली असते.

बरोबर वाक्यं तीन प्रकारे होतात. ‘द रेन वॉज हेवी, बट द मॅच वेन्ट ऑन.’ इथे स्वल्पविराम आणि ‘बट’. ‘द रेन वॉज हेवी; हाउएव्हर, द मॅच वेन्ट ऑन.’ इथे अर्धविराम, मग ‘हाउएव्हर’, मग स्वल्पविराम. किंवा अर्धविरामाच्या जागी पूर्णविराम द्या आणि ‘हाउएव्हर’ नव्या वाक्याच्या सुरुवातीला आणा, त्याच्यानंतरचा स्वल्पविराम तसाच.

कुठला शब्द कुठल्या जातीचा हे पाठ करायची गरज नाही, एक चाचणी पुरते. तो शब्द वाक्यात सरकवून पाहा. ‘द मॅच, हाउएव्हर, वेन्ट ऑन’ चालतं. ‘द मॅच वेन्ट ऑन, हाउएव्हर’ हेही चालतं. ‘द मॅच बट वेन्ट ऑन’ चालत नाही. जो सरकतो तो क्रियाविशेषण, त्याच्या आधी नुसता स्वल्पविराम देऊन दोन वाक्यं जोडू नका. ‘देअरफोर’, ‘मोरओव्हर’, ‘नेव्हरदलेस’, ‘कॉन्सिक्वेन्टली’, ‘इन्स्टेड’, ‘देन’ हे सगळे सरकणारे. जागेवरून न हलणारे, स्वल्पविरामासह दोन पूर्ण वाक्यं जोडणारे शब्द सातच मानले जातात: ‘फॉर’, ‘अँड’, ‘नॉर’, ‘बट’, ‘ऑर’, ‘येट’, ‘सो’.

आता ही सरकण्याची सोय कशासाठी आहे तेही पाहा, कारण खरी गंमत तिथे आहे. मराठीत ‘पण’ आणि ‘मात्र’ यांत जो फरक आहे तोच इथे आहे. ‘पाऊस जोराचा होता, पण सामना चालू राहिला’ यात ‘पण’ दोन वाक्यांच्या मध्ये उभा आहे. ‘पाऊस जोराचा होता. सामना मात्र चालू राहिला’ यात ‘मात्र’ ‘सामना’च्या मागे जाऊन बसतो आणि सगळा जोर ‘सामना’वर देतो. बाकी सगळं थांबलं असेल, सामना नाही. ‘द मॅच, हाउएव्हर, वेन्ट ऑन’ यात ‘हाउएव्हर’ नेमकं हेच करतो: ज्या शब्दामागे बसतो त्याला उचलून धरतो. म्हणून तुमच्या मनातल्या मराठी वाक्यात ‘मात्र’ जिथे आहे, तिथेच ‘हाउएव्हर’ ठेवून पाहा. पुष्कळ वेळा ती जागा अचूक निघते. मध्ये बसवताना दोन्ही बाजूंना स्वल्पविराम हवा, एकाच बाजूला दिला तर वाक्य लंगडतं.

‘हाउएव्हर’नंतरचा स्वल्पविराम विसरला तर काय बिघडतं? अर्थच बदलू शकतो. ‘हाउएव्हर हेवी द रेन वॉज, द मॅच वेन्ट ऑन’ यात ‘हाउएव्हर’ म्हणजे ‘कितीही’: पाऊस कितीही जोराचा असला तरी. स्वल्पविराम नसला की वाचक आधी ‘कितीही’ असाच वाचतो आणि मग मागे फिरतो.

राहिला भारदस्तपणाचा मुद्दा. छोट्या दोन वाक्यांमध्ये ‘बट’ हाच जास्त जोरकस शब्द आहे, कारण तो एका आघातात वळतो. ‘हाउएव्हर’ तीन आघातांचा, त्याच्यापुढे थांबा घ्यावा लागतो. दोन-तीन वाक्यांत एक बाजू मांडून झाली आणि आता पूर्ण विचार वळवायचा आहे, अशा जागी तो शोभतो. पानभर मजकुरात एक-दोनदा आला तर त्याचं वजन राहतं.

दहावीतल्या मुलाच्या वहीत रोज सापडणारी वाक्यं: ‘ऑलदो ही वॉज इल, बट ही केम.’ ‘बिकॉज द बस वॉज लेट, सो आय मिस्ड द टेस्ट.’ ‘ही डिड नॉट कम. बिकॉज ही वॉज इल.’ चुकलंय एवढं मला कळतं, पण त्याला कारण कसं समजावू? — एक आई, मांजलपूर

त्याला आधी मराठी वाक्य म्हणायला सांगा. ‘जरी तो आजारी होता, तरी तो आला.’ ‘जर... तर’, ‘जेव्हा... तेव्हा’, ‘जसं... तसं’: आपल्या भाषेत हे शब्द जोडीने येतात. गुजरातीतही ‘जो... तो’, ‘ज्यारे... त्यारे’ अशाच जोड्या आहेत, म्हणजे शाळेतून आणि गल्लीतूनही तीच लय कानावर पडते. इंग्रजीत अशा ठिकाणी एकाच शब्दावर भागतं. ‘ऑलदो’ आला की ‘बट’ गेला, ‘बिकॉज’ आला की ‘सो’ गेला. दोन्हींपैकी कुठला ठेवायचा ते त्याला ठरवू द्या: ‘ऑलदो ही वॉज इल, ही केम’ किंवा ‘ही वॉज इल, बट ही केम’. दोन्ही बरोबर. ‘इफ’सोबत ‘देन’ चालतो, पण तो बहुधा गाळलेलाच बरा.

कारण विचारलं तर असं सांगा: ‘ऑलदो’ने सुरू झालेलं वाक्य गौण झालं, ते आता मुख्य वाक्याला टेकून उभं आहे. ‘बट’ला दोन्हीकडे बरोबरीची वाक्यं लागतात. एक टेकलेलं आणि एक उभं असताना ‘बट’ जोडणार काय?

तिसऱ्या वाक्याची चूक वेगळी आहे आणि तीही मराठीतूनच आली आहे. ‘तो आला नाही. कारण तो आजारी होता.’ मराठीत पूर्णविरामानंतर ‘कारण’ने नवं वाक्य सुरू होतं आणि कुणाला खटकत नाही. इंग्रजीत ‘बिकॉज’ने सुरू झालेलं वाक्य टेकलेलं असतं. त्याला टेकायला मुख्य वाक्य जवळ नसेल तर ते अर्धवट राहतं. उपाय सोपा: मधला पूर्णविराम काढा. ‘ही डिड नॉट कम बिकॉज ही वॉज इल.’ मात्र ‘बिकॉजने वाक्य सुरूच करू नये’ असं त्याला शिकवू नका. ‘बिकॉज ही वॉज इल, ही डिड नॉट कम’ हे पूर्णपणे शुद्ध आहे.

एवढं बसलं की एक पायरी पुढे न्या. ‘ऑलदो’च्या मागे क्रियापदासह वाक्य येतं, ‘डिस्पाइट’च्या मागे नाम किंवा ‘इंग’चं रूप: ‘डिस्पाइट हिज इलनेस’, ‘डिस्पाइट बीइंग इल’. मराठीत ‘जरी आजारी होता तरी’ आणि ‘आजारी असूनही’ यांत जो फरक तोच. ‘डिस्पाइट ऑफ’ असा शब्द नाही. ‘ऑफ’ लागतो तो ‘इन स्पाइट’ला, आणि ते दोन शब्द वेगळे लिहायचे.

‘उलट’ला इंग्रजीत ‘ऑन द कॉन्ट्ररी’ म्हणायचं की ‘ऑन द अदर हँड’? शब्दकोशात दोन्ही दिसतात. — रावपुरा

आपला ‘उलट’ तीन कामं करतो, इंग्रजीत त्या तीन कामांना तीन शब्द आहेत. आधी म्हटलेलं खोटं ठरवायचं असेल तर ‘ऑन द कॉन्ट्ररी’: ‘द फीज वेअर नॉट रिड्यूस्ड. ऑन द कॉन्ट्ररी, दे वेअर डबल्ड.’ फी कमी झाली नाही, उलट दुप्पट झाली. याच्या आधीच्या वाक्यात बहुधा नकार असतो, हीच त्याची खूण. एकाच गोष्टीच्या दोन बाजू तोलायच्या असतील तर ‘ऑन द अदर हँड’: भाड्याचं घर स्वस्त पडतं, दुसरीकडे ते आपलं कधीच होत नाही. दोन वेगळ्या गोष्टींमधला फरक नुसता दाखवायचा असेल तर ‘इन कॉन्ट्रास्ट’ किंवा ‘बाय कॉन्ट्रास्ट’: मे महिन्यात बडोदा तापतं, माउंट अबू त्या मानाने थंड असतं. या तिसऱ्या जागी ‘ऑन द कॉन्ट्ररी’ लिहिलात तर वाचक विचारेल, कोणाचं म्हणणं खोडलंत?

कंपनीत पर्चेस विभागात आहे. माझे ईमेल लांबतात आणि पलीकडच्याला नेमकं काय हवं ते समजत नाही, असं साहेब म्हणतात. नमुना: ‘विथ रेफरन्स टु अवर ऑर्डर, यू हॅव सप्लाइड 160 बेअरिंग्ज. फर्दर, द ऑर्डर वॉज फॉर 200. फर्दर, टू बॉक्सेस वेअर डॅमेज्ड. हेन्स काइंडली डू द नीडफुल फॉर द सेम.’ — मकरपुरा जीआयडीसी

तुमच्या ईमेलमधली तक्रार ‘फर्दर’च्या खाली दडली आहे. ‘फर्दर’ म्हणजे ‘आणखी एक गोष्ट’. पण 160 आले आणि मागवले होते 200, ही आणखी एक गोष्ट नाही, हा विरोध आहे, आणि तक्रार त्या विरोधातच आहे. तिथे ‘बट’ हवा. खराब खोके ही मात्र खरोखर आणखी एक गोष्ट, तिथे ‘ऑल्सो’ पुरे. ‘द सेम’ कशाला म्हणता ते पलीकडच्याने ओळखायचं, आणि ‘द नीडफुल’ म्हणजे काय तेही त्यानेच ठरवायचं. मग तो काहीच ठरवत नाही.

असं लिहून पाहा: ‘वी ऑर्डर्ड 200 बेअरिंग्ज बट रिसीव्ह्ड 160. टू ऑफ द बॉक्सेस वेअर ऑल्सो डॅमेज्ड. प्लीज सेंड द रिमेनिंग 40 अँड रिप्लेस द डॅमेज्ड पीसेस बाय फ्रायडे.’ ऑर्डरचा क्रमांक विषयाच्या ओळीत घाला, म्हणजे ‘विथ रेफरन्स टु’ लागत नाही. मुद्दे तीनपेक्षा जास्त असतील तर 1, 2, 3 असे आकडे घाला. आकडे घातले की ‘फर्स्टली’, ‘सेकंडली’, ‘फर्दर’ यांची गरज उरत नाही.

‘हेन्स’बद्दल थोडं. ‘देअरफोर’ म्हणजे ‘यावरून असं ठरतं’, युक्तिवादाचा शब्द. ‘दस’ म्हणजे ‘अशा रीतीने’, त्याच्यापुढे ‘इंग’चं रूप येऊ शकतं: ‘दस सेव्हिंग टू डेज’. ‘हेन्स’ जुन्या वळणाचा, त्याच्यापुढे नुसतं नामही चालतं: ‘हेन्स द डिले’. विनंतीच्या आधी तिन्हींची गरज नाही, रोजच्या ईमेलमध्ये ‘सो’ अगदी सभ्य आहे. आणि ‘रिगार्डिंग टु’ लिहू नका: एकतर नुसतं ‘रिगार्डिंग’, नाहीतर ‘विथ रिगार्ड टु’.

आमच्या वेळच्या मास्तरांनी ‘अँड’ किंवा ‘बट’ने वाक्य सुरू केलं तर पट्टी मारली असती. हल्ली वर्तमानपत्रांत सर्रास दिसतं. नियम बदलला का? — एक निवृत्त वाचक, दांडिया बाजार

असा नियम इंग्रजी व्याकरणात कधीच नव्हता. 1611 च्या इंग्रजी बायबलच्या पहिल्या अध्यायातली बहुतेक वचनं ‘अँड’नेच सुरू होतात. मास्तरांचा हेतू चांगला होता: मुलं प्रत्येक वाक्य ‘अँड देन’ने जोडत जातात, ती सवय मोडायची होती. आज एवढंच सांभाळा: वाक्यारंभीच्या ‘बट’नंतर स्वल्पविराम देऊ नका, आणि औपचारिक अर्जात किंवा परीक्षेत जपून वापरा, कारण तपासणारेही कधी कधी त्याच मास्तरांचे विद्यार्थी असतात.

‘शेवटी’साठी ‘अ‍ॅट लास्ट’, ‘लास्टली’, ‘फायनली’, ‘इन द एंड’, ‘अ‍ॅट द एंड’. कुठे काय? — वाडी

यादीतला शेवटचा मुद्दा: ‘लास्टली’ किंवा ‘फायनली’. खूप वाट पाहून एकदाचं झालं: ‘अ‍ॅट लास्ट’. म्हणून निबंधाचा समारोप ‘अ‍ॅट लास्ट’ने केला तर ‘सुटलो एकदाचा’ असा अर्थ निघतो. पुष्कळ उलथापालथ होऊन अखेर जे ठरलं ते ‘इन द एंड’. ‘अ‍ॅट द एंड’ला पुढे ‘ऑफ’ लागतो, निदान मनात तरी: रस्त्याच्या, महिन्याच्या, चित्रपटाच्या शेवटी. याच धर्तीवर ‘अ‍ॅट फर्स्ट’ आणि ‘फर्स्ट’ यांतही गल्लत होते. ‘अ‍ॅट फर्स्ट’ म्हणजे ‘सुरुवातीला असं होतं, पुढे बदललं’. मुद्दे मोजताना ‘फर्स्ट’ वापरा.

इतिहासात शोधनिबंध लिहिते आहे. मार्गदर्शक म्हणतात, वाक्यं चांगली आहेत, पण परिच्छेद सुटे वाटतात. म्हणून मी प्रत्येक परिच्छेद ‘मोरओव्हर’ किंवा ‘इन अ‍ॅडिशन’ने सुरू करू लागले. तरी तोच शेरा. — संशोधक विद्यार्थिनी, सयाजीगंज

परिच्छेद जोडायचं काम कनेक्टरला झेपत नाही. वाक्य छोटं असतं, त्याचा कल एका शब्दाने सांगता येतो. परिच्छेदात पाच-सात वाक्यं असतात, ‘मोरओव्हर’ त्यांतल्या नेमक्या कशात भर घालतो आहे हे वाचकाला कळत नाही. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात मागच्या परिच्छेदातली एखादी गोष्ट तिच्या नावाने यावी लागते आणि तिच्याच खांद्यावरून नवी गोष्ट पुढे यावी लागते. जुनं आधी, नवं नंतर, हा क्रम सांभाळला की सांधा बसतो.

आपल्या शहराचंच उदाहरण घेऊ. पहिला परिच्छेद महाराज सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, यावर आहे. दुसरा परिच्छेद तीच योजना 1906 मध्ये सगळ्या संस्थानाला लागू झाली, यावर. तिसरा 1910 च्या सुमारास अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं, यावर. दुसरा परिच्छेद ‘मोरओव्हर, इन 1906’ असा सुरू झाला तर वाचकाला वाटेल की ही वेगळी, जास्तीची योजना आहे. ‘थर्टीन इयर्स लेटर, द अमरेली स्कीम वॉज एक्स्टेंडेड टु द होल स्टेट’ असं लिहा. ‘थर्टीन इयर्स लेटर’ नुसतं ‘नंतर’ म्हणत नाही, प्रयोग किती काळ चालू होता हेही सांगतं. ‘द अमरेली स्कीम’ मागचं नाव पुढे आणतं.

तिसऱ्यासाठी ‘इन अ‍ॅडिशन’ आणखी घातक आहे, कारण शाळा आणि ग्रंथालयं यांचं नातंच त्याने पुसलं जातं. ‘चिल्ड्रन हू हॅड लर्न्ट टु रीड इन दीज स्कूल्स नाऊ नीडेड बुक्स’ असं पहिलं वाक्य घाला. ‘दीज स्कूल्स’ मागे हात धरतं, ‘बुक्स’ पुढे. अर्थात असं वाक्य लिहिण्याआधी ते नातं तुमच्या कागदपत्रांत दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल तर त्या दोन परिच्छेदांचा क्रम किंवा जागा पुन्हा तपासावी लागेल, तिथे कुठलाही शब्द घातला तरी सांधा बसणार नाही.

तपासणीची रीत: सगळ्या परिच्छेदांची फक्त पहिली वाक्यं एका वेगळ्या कागदावर एकाखाली एक उतरवा आणि सलग वाचा. ती मिळून निबंधाचा सारांश वाचल्यासारखी वाटली तर जोडणी ठीक आहे. जिथे उडी वाटेल, तिथे आधीच्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य आणि पुढच्याचं पहिलं, ही दोनच वाक्यं पुन्हा लिहा. ‘मोरओव्हर’ त्याच्या खऱ्या जागी, परिच्छेदाच्या आत ठेवा: एका विधानाला एक पुरावा देऊन झाला आणि दुसरा त्याहून वजनदार हाती आहे, तेव्हा.